वाचकांचे प्रश्न : जुन्या गाण्यावर नवा हात

गेल्या अंकातील एका छोट्या टिपणात मी सहज लिहून गेलो होतो की, 'रीमास्टर' असा शिक्का बसलेले प्रत्येक जुने गाणे पूर्वीपेक्षा चांगले ऐकू येतेच असे नाही. त्या एका वाक्यावर सीमाभागातून जेवढी पत्रे आली, तेवढी एरवी वर्षभरातही येत नाहीत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून आणि पत्रे थोडी आखडून येथे उत्तरे देत आहे. खानापूर तालुक्यातून आलेले एक पत्र वाटेत इतके भिजले होते की, त्यातील निम्मी शाई पाकिटालाच लागली. तेथे प्रश्नाचा अंदाज मी बांधला आहे, चुकला असल्यास वाचकाने क्षमा करावी.

प्रश्न : मोबाईलवर बीटल्स या इंग्लिश बँडच्या एकाच अल्बमची दोन रूपे दिसतात. एकावर '२००९ रीमास्टर' असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यावर '२०१७ मिक्स'. मामांच्या कपाटात त्याच अल्बमची मोनो तबकडी आहे आणि ती या दोहोंपेक्षा निराळी वाजते. रीमिक्स म्हणजे जुन्या गाण्याला नवा ठेका जोडणे, एवढेच आम्हांला ठाऊक होते. या तिन्हींतले खरे कोणते? (एक वाचक, निपाणी)

आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण 'रीमिक्स' या शब्दाने आपल्याकडे निराळाच संसार थाटला आहे. सन २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्या हिंदी चित्रपटगीतांना नवा गळा आणि नवा ठेका लावून जे विकले गेले, त्याला आपण रीमिक्स म्हणू लागलो. खरे तर ते सरळसरळ नवे ध्वनिमुद्रण होते, मुळातल्या गायकाचा त्यात श्वासही नव्हता. स्टुडिओच्या भाषेत रीमिक्सचा अर्थ वेगळा आहे. गाणे मुद्रित करताना गायकाचा आवाज, ड्रम, गिटार आणि व्हायोलिन हे टेपवरच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलेले असतात. त्यांतला कोणता किती मोठा, कोणता डावीकडे, कोणता उजवीकडे, कोणावर किती इको, हे ठरवून सगळे मिळून दोन ट्रॅकवर (हे स्टीरिओ, डाव्या-उजव्या कानासाठी एकेक) किंवा एकाच ट्रॅकवर (हे मोनो) उतरवणे म्हणजे मिक्सिंग. त्यातून जी टेप तयार होते ती मास्टर. ती मास्टर पुन्हा काळजीपूर्वक वाजवून, तिच्यातला खर्ज आणि तारेकडचा भाग सावरून, खरखर कमी करून नवी प्रत काढणे म्हणजे रीमास्टर. मास्टरच्याही मागे जाऊन मूळ ट्रॅक पुन्हा नव्याने जुळवणे म्हणजे रीमिक्स. झालेली आमटी पुन्हा गरम करता येते, वरून फोडणी देता येते, पण तिच्यातले मीठ काढता येत नाही. रीमिक्स करणाऱ्यापुढे मात्र आमटी नसते. डाळ, चिंच, गूळ आणि मीठ अजून वेगवेगळ्या डब्यांत असतात.

आता आपल्या अल्बमकडे येऊ. आपण नाव दिले नसले, तरी वर्णनावरून तो १९६७ सालचा 'सार्जंट पेपर' असावा. लंडनच्या ज्या स्टुडिओत तो झाला, तेथे त्या वेळी चारच ट्रॅकची यंत्रे होती. चारही ट्रॅक भरले की, ते सगळे मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे वाद्य घ्यायचे, असा उद्योग चाले. दर उतरवणीला टेपचा सूंऽऽ असा आवाज वाढतो आणि तपशील थोडा थोडा पुसत जातो, अगदी झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा. २०१७ साली निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन आणि ध्वनिमुद्रक सॅम ओकेल यांनी मिसळण्याच्या आधीच्या, म्हणजे पहिल्या पिढीच्या टेपा काढल्या, त्या संगणकात घेऊन एकमेकींशी जुळवल्या आणि मग मिक्स केले. ड्रमवरची काठी त्या आवृत्तीत जवळून पडते, ती या कारणाने. त्यात जादू काही नाही. २००९ची आवृत्ती मात्र १९६७च्याच स्टीरिओ मिक्सची स्वच्छ प्रत आहे.

आणि मामांची तबकडी? तिला कमी लेखू नये, उलट अंमळ जपूनच ठेवावी. १९६७ साली इंग्लंडमधील बहुतेक घरांत मोनोच वाजत असे. त्यामुळे बीटल्स स्वतः मोनो मिक्सच्या वेळी हजर राहिले, त्यावर वेळ घालवला, आणि स्टीरिओ मिक्स नंतर, बहुतांशी त्यांच्या गैरहजेरीत, झटपट उरकले गेले. फरक इतका की, 'शीज लीव्हिंग होम' हे गाणे मोनोत थोडे जलद आणि वरच्या पट्टीत आहे, तर स्टीरिओत ते संथ आणि खाली उतरलेले आहे. २०१७च्या मिक्समध्ये मोनोचाच वेग धरला गेला. म्हणजे नव्या कामाची दिशा पन्नास वर्षांपूर्वीच्या मोनो प्रतीने ठरवली.

माझे मत विचाराल, तर 'खरे' हा मान मोनोला द्यावा आणि हेडफोनवर ऐकण्यासाठी २०१७चे मिक्स घ्यावे. जुन्या स्टीरिओ मिक्सांत कित्येकदा गाणारा एका कानात आणि वाद्ये दुसऱ्या कानात अशी फाळणी असते. १९६३च्या त्यांच्या पहिल्या एलपीत तर दोनच ट्रॅक होते, एकावर गळा आणि दुसऱ्यावर वाद्ये. ते दोन ट्रॅक मोनोत नीट तोल साधता यावा म्हणून वेगळे ठेवले होते, दोन कानांना वाटून देण्यासाठी नव्हे. हेडफोनवर ते ऐकताना माझ्या एका कानाला नेहमी उपाशी राहिल्यासारखे वाटते.

प्रश्न : भावाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस आखातातून आणलेली एक सीडी माझ्याकडे आहे. तोच अल्बम 'रीमास्टर' म्हणून परवा पुन्हा घेतला. नवी सीडी लावताच खोली भरून जाते, जुनी तिच्यापुढे मिणमिणती वाटते. तरीही नवी अर्धा तास ऐकली की डोके धरते. कानांचा दोष असेल का? (एक वाचक, कॅम्प, बेळगाव)

कानांचा दोष नाही, उलट कान शाबूत असल्याचे हे लक्षण आहे.

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाला एक छत असते. त्या उंचीपुढे आकडेच संपतात. गाण्यातील सर्वांत मोठा क्षण, समजा ड्रमचा एखादा ठोका, या छताला टेकला की बाकीचे गाणे त्याच्या मानाने खाली राहते. १९८०च्या दशकातील सीड्या अशाच आहेत, म्हणून त्या हळू वाटतात. पुढे १९९०च्या दशकात असे सुरू झाले की, आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजली पाहिजे. छत तर वर सरकत नाही. मग मोठे ठोके वरून छाटायचे आणि खालचा सारा भाग वर उचलायचा. या कामासाठी कंप्रेसर आणि लिमिटर ही साधने आहेत, ती मुळात वाईट नाहीत, आणि हलक्या हाताने वापरली तर गाण्याला बांधीवपणा येतो. जड हाताने वापरली की मात्र कुजबुज आणि किंचाळणे एकाच उंचीचे होते. बुटक्या माळ्यावर वाकून तासभर बसल्यावर जशी मान भरून येते, तसा हा शीण असतो. २००८ साली मेटालिका या बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक'बाबत हे इतके टोकाला गेले की, त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधील कमी दाबलेली प्रत सीडीपेक्षा बरी वाजते, अशी तक्रार खुद्द चाहत्यांनी केली. यातली गंमत, किंवा खंत म्हणा, अशी की, सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. तबकडीला त्याच्या जवळपासही जाता येत नाही. एवढे मोठे अंगण मिळाले आणि आपण सगळी माणसे ओट्यावर दाटीवाटीने बसवली.

आपण एक प्रयोग करून पाहावा. आमच्या टिळकवाडीतील एका स्नेह्यांकडे मी तो केला होता. एकाच गाण्याच्या दोन सीड्या, स्नेही डोळे मिटून खुर्चीत, आणि व्हॉल्यूमचे बटण माझ्या हाती. पहिल्या फेरीत त्यांनी तत्काळ नवी सीडी निवडली आणि 'यात जीव आहे' असे म्हणाले. दुसऱ्या फेरीत मी नवी लावताना बटण घड्याळातल्या दहाच्या जागेवरून नऊच्या थोडे खाली आणले, दोन्ही आवाज कानाला सारखे होईपर्यंत, आणि त्यांना काही सांगितले नाही. या वेळी ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिलीत तबल्यासारखा तो ठोका कसा छातीवर पडत होता, आता कुठे गेला?" ते जिला पहिली म्हणत होते, ती जुनी सीडी होती. दोन प्रतींत एखाद्या डेसिबलचा फरक असला, तरी मोठ्याने वाजणारी प्रत कानाला अधिक चांगली भासते, आणि नेमक्या याच भाबडेपणावर पुष्कळ रीमास्टर विकली गेली आहेत. म्हणून तुलना करायची तर आधी आवाज सारखा करावा. हे केल्याशिवाय दिलेल्या कोणत्याही मताला, माझ्याही, किंमत देऊ नये.

एक बरे झाले आहे. स्पॉटिफायसारख्या सेवा आता सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणून वाजवतात (त्यांचे प्रमाण उणे १४ एलयूएफएसच्या आसपास असते; एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप), त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे तेथे खाली ओढले जाते आणि छाटलेले ठोके तेवढे छाटलेलेच राहतात. ओरडण्याचा फायदा संपल्यामुळे अलीकडची काही रीमास्टर पुन्हा माणसात आली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत जुनी गाणी लावली की डॉल्बीवर ती पोकळ वाजतात, नव्या गाण्यांसारखा दणका येत नाही. रीमास्टर केलेली प्रत घेतली तर येईल का? (मंडळाचा एक कार्यकर्ता, शहापूर)

येणार नाही. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांत अगदी खालच्या खर्जात फारसे काही नोंदलेलेच नाही. त्यामुळे ट्रॉलीवर रचलेल्या त्या मोठ्या खोक्यांना वाजवायला खाद्यच मिळत नाही. रीमास्टर करणारा असलेला खर्ज वर आणू शकतो, नसलेला निर्माण करू शकत नाही. आणि निर्माण केलाच, तर ते त्याचे स्वतःचे वादन झाले. १९९०च्या दशकात कॅसेटवर मिळणारी 'झंकार बीट्स'ची गाणी आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. मूळ गाणे तसेच ठेवून वरून ठेका चिकटवलेला असे, आणि लय जरा हलली की गायक आणि ठेका यांची वाट वेगळी होई.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या भागात, कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंत, ज्या भिंतीएवढ्या स्पीकरांना आपण डॉल्बी म्हणतो, त्या नावाचे मूळ गृहस्थ रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली ती आवाज कमी करण्यासाठी. टेपचा तो सूंऽऽ आवाज दाबणारे यंत्र हे त्यांचे पहिले उत्पादन.

प्रश्न : परदेशातील बँडच्या टेपांचे इतके लाड होतात, मग आपल्या भावगीतांचे असे रीमिक्स का होत नाही? आता तर संगणक मिसळलेल्या गाण्यातून गळा वेगळा काढून देतो असे ऐकतो. (एक शिक्षिका, चिकोडी)

आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर दुखरे आहे. बहुतेक जुन्या भावगीतांचे वेगळे ट्रॅक कधी नव्हतेच. गायक, हार्मोनियम, व्हायोलिन, बासरी आणि तबला एकाच दालनात बसत. मायक्रोफोनपासून कोणी किती दूर बसायचे यावर तोल साधला जाई. आणि सगळे एकाच ट्रॅकवर, एकाच दमात उतरे. तबलजी चुकला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मिक्सिंग झाले ते सतरंजीवर, बैठक सरकवून. अशा गाण्याचे रीमिक्स करायचे म्हणजे झालेल्या आमटीतून डाळ आणि चिंच वेगळी काढणे आले.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळात तर टेपसुद्धा नव्हती. मेणाच्या तबकडीवर कोरून तिच्यावरून धातूचे साचे करीत आणि साच्यांतून लाखेच्या तबकड्या छापत. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या बालवयातील ज्या तबकड्या आहेत, त्या याच जातीच्या. त्यातील आवाज आज चांगला ऐकायचा, तर धातूचा साचा किंवा कमी वाजलेली तबकडी शोधणे हाच रीमास्टरचा निम्माअधिक भाग होय. उरलेल्या कामाला कान आणि संयम लागतो, महागड्या यंत्राची गरज त्या मानाने थोडी. दर वेळी कंपनीने कोणती प्रत वापरली, हे वेष्टनावर लिहायला हवे. परदेशी संचांबरोबर कित्येकदा अशा माहितीची पुस्तिकाच येते. आपल्याकडे गाण्याच्या नावापुढे 'रीमास्टर' हा एक शब्द आणि वर्ष, एवढ्यावर काम भागते, आणि याचा मला राग येतो.

दुसरी अडचण, कोणते ध्वनिमुद्रण, ही. गीतरामायणाचेच पाहा. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली, तेव्हा ती निरनिराळ्या गायकांनी म्हटली होती. सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील तबकड्या नंतरच्या. घराघरांत पोहोचल्या त्या या नंतरच्या, आणि त्यांचेच स्वच्छ रूप आज ऐकू येते. 'मूळ गीतरामायण आता सुस्पष्ट आवाजात' असे कोणी म्हटले, तर यातले कोणते मूळ, हे आधी विचारावे.

संगणकाबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने बीटल्सवरील माहितीपटासाठी अशी प्रणाली तयार केली; तिच्या आधारे २०२२ साली 'रिव्हॉल्व्हर' या १९६६च्या अल्बममधील एकाच ट्रॅकवर अडकलेले ड्रम, बास आणि गिटार सोडवून नवे मिक्स केले गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३मध्ये, 'नाऊ अँड देन' हे गाणे आले. बीटल्समधील जॉन लेनन यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी पियानोवर बसून साध्या कॅसेटवर ते गायले होते. १९९५ साली बाकीच्या तिघांनी ते पुरे करू पाहिले, पण पियानो गळ्यावर चढलेला आणि खाली विजेची घरघर, म्हणून सोडून दिले. संगणकाने गळा सोडवून दिला, तेव्हा ते झाले.

हाच खेळ आपल्या गाण्यांवर मी घरी करून पाहिला आहे. या कामाची काही साधने फुकट मिळतात. डीझर या कंपनीने २०१९ साली खुले केलेले 'स्प्लीटर' हे त्यातलेच. अशा प्रणालीला हजारो गाण्यांचे वेगळे ट्रॅक ऐकवून गळा कसा दिसतो, ड्रम कसे दिसतात, हे शिकवलेले असते, आणि ती गाणी बहुधा पाश्चात्त्य असतात. एका जुन्या भावगीतात तबल्याचा चाटीचा बोल तिने ड्रममध्ये टाकला आणि बायाची घुमक 'बास'च्या खात्यात. म्हणजे एकाच वादकाचे दोन हात दोन खोल्यांत गेले. व्हायोलिन गायिकेच्या मागोमाग तीच मींड घेत होते, ते गळ्यालाच चिकटून राहिले आणि दर ओळीच्या शेवटी कोणी पाण्याखालून गुणगुणत असल्याचा भास होऊ लागला. हार्मोनियमचे काय करावे हे तिला शेवटपर्यंत उमगले नाही. ही साधने सुधारतील, आपल्या वाद्यांवरही कोणी त्यांना शिकवील. तोपर्यंत मोनो ध्वनिमुद्रणाला ओढूनताणून स्टीरिओ करण्यापेक्षा चांगल्या प्रतीवरून केलेले शांत मोनो रीमास्टर मला शंभरदा पसंत आहे.

प्रश्न : सासऱ्यांच्या भजनाच्या आणि गावातील कीर्तनांच्या वीस-पंचवीस कॅसेट माळ्यावर होत्या. इथल्या पावसाने त्यांवर बुरशी आली आहे. त्या 'रीमास्टर' करून मिळतील का? (एक वाचक भगिनी, खानापूर तालुका)

मिळतील, पण घाई करू नका, आणि सगळ्यात आधी कोणतीही कॅसेट लावून पाहू नका. बुरशी आलेली टेप यंत्रातून गेली की बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात कपाटातली चामडी चप्पलसुद्धा हिरवी होते, तर टेपचे काय! कॅसेट कोरड्या हवेत, उन्हात नव्हे, काही दिवस ठेवाव्यात. कडेने दिसणारी पांढरी बुरशी घराबाहेर, नाकाला फडके बांधून, मऊ ब्रशने झाडावी. मग पेन्सिल घालून टेप हाताने थोडी पुढे-मागे फिरवून ती चिकटली नाही ना, हे पाहावे. आत दाब देणारी फेल्टची छोटी गादी निघाली असेल, तर तेवढ्यासाठी टेप टाकून देऊ नये. स्क्रूची कॅसेट असल्यास रीळ दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. चिकट झालेल्या टेपा भट्टीत शेकतात, असे आपण कोठे वाचाल. ते १९७०-८०च्या दशकांतील काही विशिष्ट बनावटीच्या मोठ्या रिळांसाठी आहे, सुमारे ५० ते ५५ अंशांवर, तासन्‌तास, नियंत्रित उपकरणात. स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये कॅसेट घालण्याचा विचारही करू नये.

वाजवण्यासाठी चांगल्या स्थितीतील डेक मिळवावा, हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित फिरवला की हेडचा कल बदलतो, आणि ज्या बिंदूला टाळांची किणकिण सर्वांत लख्ख ऐकू येते, तो त्या कॅसेटचा कल होय. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असल्यामुळे हे प्रत्येकीसाठी करावे लागते. या एका स्क्रूने जे साधते, ते नंतर संगणकावर कितीही ट्रेबल वाढवून साधत नाही.

आणि आता माझी चूक सांगतो. माझ्या मावशीच्या भजनाची एकुलती कॅसेट मी एका शहरातील दुकानात डिजिटल करण्यास दिली होती. दुकानदाराने ती 'एकदम क्लीन' करून दिली. सूंऽऽ आवाज खरोखर नाहीसा झाला होता आणि मी समाधानाने ऐकू लागलो. पण मावशी अधांतरी गात असल्यासारखे काहीतरी खटकत होते. तंबोरा गेला होता. खरखर काढणाऱ्या प्रणालीला आधी 'हा बघ नको असलेला आवाज' म्हणून एक नमुना दाखवावा लागतो, आणि त्याने सुरुवातीचे जे काही सेकंद दाखवले, त्यात मावशी गप्प होती, पण तंबोरा छेडला जात होता. सतत एकसारखे वाजणारे जे काही असेल ते खरखर, असे यंत्राने मानले. मूळ कॅसेट परत आणायला गेलो, तर ती दुकानात कोठे ठेवली गेली हे कोणालाच सांगता येईना.

तेव्हा आपण ज्यांच्याकडे काम द्याल, त्यांच्याकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, काहीही न पुसलेली कच्ची प्रत, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, २४ बिटमध्ये. दुसरी, हवी तर सफाई केलेली प्रत, वेगळी. कॅसेट त्याच दिवशी परत. शक्य असल्यास समोर बसून करून घ्यावे. खरखर पूर्ण गेली पाहिजे, असा आग्रह धरू नये. थोडा सूंऽऽ आवाज राहिला, तर कीर्तनकाराच्या मागची देवळाची पोकळीही राहते, झांजेचा शेवटचा कंपही राहतो.

प्रश्न : जुन्या गाण्याची सफाई करून ते यूट्यूबवर टाकले तर हरकत आहे का? (एक वाचक, कारवार)

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाले त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीचा हक्क २०२०च्या अखेरीस संपला. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असून ते कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात, त्यामुळे तबकडी मोकळी झाली तरी गाणे मोकळे झालेले नसते. घरी सफाई करून ऐका, बाकीच्यासाठी हक्कदाराची परवानगी घ्या.

प्रश्न : आजोबांच्या ७८च्या तबकड्या नव्या रेकॉर्ड प्लेअरवर फार खरखरतात. त्यांचे आयुष्य संपले का? (एक वाचक, हल्याळ)

बहुधा सुई चुकीची आहे. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि ७८च्या खाचेला त्याच्या तीन ते चार पट जाड सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन साठलेली धूळच वाजवत बसते. पुष्कळ नव्या प्लेअरवर ७८चा वेग असतो, पण सुई मात्र एलपीचीच बसवलेली असते. जाड सुई वेगळी मिळते, ती आपल्या कार्ट्रिजला (सुई धरणाऱ्या भागाला) बसते का ते पाहून घ्यावी. अ‍ॅम्प्लिफायरला 'मोनो' बटण असल्यास ते दाबावे, त्यानेही खरखर बरीच उतरते. तबकडी धुवायची असेल, तर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब घालून, मधला कागद न भिजवता, मऊ फडक्याने पुसावी आणि उभी ठेवून वाळवावी. वर कॅसेटच्या हेडसाठी सांगितलेले अल्कोहोल मात्र हिला लावू नये. या तबकड्या लाखेच्या आहेत, आणि लाख अल्कोहोलात विरघळते.